यंत्रापुढे कुणाचं पान ठेवलंस?

आदरणीय मॅडम,
मी मूळची परभणी जिल्ह्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. गेली तीन वर्षं पुण्यात पीएच.डी. करते आहे. विषय आहे पुण्यातल्या कचरावेचक बायकांचं काम आणि त्यांची ओळख. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण लिहून सॉफ्टवेअरवर तपासलं तर सिमिलॅरिटी, म्हणजे इतरांच्या लेखनाशी साम्य, ३८ टक्के आली. अभ्यासिकेतल्या मैत्रिणीनं एआयकडून पॅराफ्रेझ, म्हणजे तोच मजकूर वेगळ्या शब्दांत, कसं करून घ्यायचं ते दाखवलं. एकेक परिच्छेद टाकत गेले, बदलून घेत गेले. दोन रात्रींत ३८चे ७ टक्के झाले. सर म्हणाले, "भाषा खूपच सुधारली." तेव्हापासून मला धड झोप नाही. संदर्भ मी सगळे दिलेत, तरी ते प्रकरण वाचताना दुसऱ्या कुणाचं तरी वाचतेय असं वाटतं. एका मुलाखतीत एक मावशी म्हणाल्या होत्या, "कार्ड गळ्यात असलं की वॉचमन 'बाई' म्हणतो, नसलं की 'ए'." ते वाक्यही मी यंत्रात टाकलं. इंग्रजी सुरेख झालं, पण मावशी त्यातून निघूनच गेल्या. मैत्रिणी म्हणतात, सगळेच करतात, पकडलं जात नाही. मी चोरी केली का? सरांना सांगू का? आणि इंग्रजी कच्चं असलेल्या आमच्यासारख्यांनी मग करायचं तरी काय?
– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानंच उडवली आहे. तू चोर नाहीस. ज्यांचं लेखन घेतलंस त्यांची नावं लपवली नाहीस, आणि प्रबंध अजून सादर झालेला नाही. पण ते प्रकरण आज आहे तसंच सादर केलंस तर मात्र चुकेल. मुद्दे मूळ लेखकांचे, त्यांचा क्रमही त्यांचाच, शब्द यंत्राचे, आणि वर नाव तुझं. वाचताना ते दुसऱ्याचं वाटतं, कारण ते खरंच दुसऱ्याचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी अलीकडे एवढंच विचारते: यंत्रापुढे कुणाचं पान ठेवलंस? तू वाचलंस, समजून घेतलंस, मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः लिहिलंस आणि ते पान यंत्रापुढे ठेवून म्हणालीस, 'यातल्या व्याकरणाच्या चुका दाखव', तर ती मदत झाली. आमच्या वेळी इंग्रजीच्या एखाद्या प्राध्यापकांकडून आम्ही चॅप्टर तपासून घ्यायचो, तसलीच. पण दुसऱ्याच्या लेखातला परिच्छेद ठेवलास आणि म्हणालीस, 'हा असा बदल की ओळखू येऊ नये', तर तिथं मदत कुठली? साधन तेच, खिडकी तीच, तरी या दोन कृतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एआय वापरावं की वापरू नये यावर सध्या एवढा वाद चालतो आणि हा फरक मात्र कुणी बोलून दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या अभ्यासिकेतही तो कुणी सांगितलेला दिसत नाही. आणि तो सांगण्याचं काम आम्हा शिक्षकांचं होतं.

माझ्या एम.फिल.च्या वेळची गोष्ट सांगते. तेव्हा आम्ही ग्रंथालयात बसून कार्डांवर टिपणं काढायचो. घाईत मी एका पुस्तकातली काही वाक्यं जशीच्या तशी उतरवली, अवतरणचिन्ह घातलं नाही, पान क्रमांक लिहिला नाही. सहा महिन्यांनी लिहायला बसले तेव्हा ते कार्ड मला माझंच वाटलं. गाइडनी त्यातल्या एका वाक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणाले, "याचा अर्थ मला मराठीत सांग." मला सांगता आला नाही. ते रागावले नाहीत, पुढं काही बोललेही नाहीत. मी घरी जाऊन सगळी कार्डं पुन्हा पुस्तकांशी ताडून पाहिली. त्यात आठवडा गेला. तो पेन्सिलीचा गोल मी आजही विसरलेले नाही, आणि 'मराठीत सांग' ही कसोटी मी तुझ्याही हातात देणार आहे.

त्याआधी टक्क्यांचं बघू, कारण या सगळ्याची सुरुवात त्या ३८पासून झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्‌मयचौर्यविरोधी नियमावली २०१८ची आहे. त्यात पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करायला सांगतात आणि त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने देतात. ४० ते ६०मध्ये वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणीच रद्द होते. म्हणजे तुझा ३८चा आकडा अगदी अंतिम प्रबंधात आला असता तरी नियम 'दुरुस्त कर' एवढंच म्हणाला असता. आणि तो तर कच्च्या मसुद्याचा होता. त्या रात्री हे तुला कुणी सांगितलं असतं तर तू एवढी घाबरली नसतीस.

शिवाय त्या ३८मध्ये नेमकं काय होतं, ते पाहिलंस का? हीच नियमावली संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, रीतसर अवतरणं, कायद्यांचा मजकूर, रूढ संज्ञा या गोष्टी मोजणीतून वगळायला सांगते. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगानं आलेलं साम्यही धरत नाहीत. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' हे कचरावेचकांच्या संघटनेचं नाव तुझ्या प्रकरणात शेकडो वेळा आलं असेल आणि ते बदलायचं कारणच नाही. ही संघटना १९९३ साली उभी राहिली, हे वाक्य फिरवून फिरवून किती फिरवणार? संदर्भ द्यायचा आणि सरळ लिहायचं. तो रंगीत रिपोर्ट प्रिंट काढून समोर घे, सूची आणि अवतरणं वगळून पुन्हा तपास. मग जे उरेल ते तुझं खरं काम.

आणि हे नीट ध्यानात घे: ते सॉफ्टवेअर फक्त शब्दांचं साम्य मोजतं. विचार कुणाचा, ते त्याला कळत नाही. नियमावलीत मात्र वाङ्‌मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याचं काम आणि दुसऱ्याची कल्पना, दोन्ही आहेत. म्हणून ७ टक्क्यांचा रिपोर्ट हातात असूनही माणूस चुकीच्या बाजूला असू शकतो, आणि २० टक्क्यांचा असूनही स्वच्छ. प्रबंधासोबत तू एक हमीपत्र देणार आहेस, की हे लेखन माझं आहे आणि मूळ आहे. त्या सहीच्या क्षणी सात हा आकडा तुझ्या काही उपयोगाचा नाही.

आता यंत्राच्या कामाबद्दल. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी त्याच्या हातून अर्थ बिघडतो, आणि तो अशा ठिकाणी बिघडतो जिथं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसलेल्या परीक्षकाचं लक्ष आधी जाईल. तुझ्या प्रकरणात 'इन्फॉर्मल वर्कर' किती ठिकाणी 'कॅज्युअल वर्कर' झालंय ते शोध. सापडेल, असा माझा अंदाज आहे. बोलीभाषेत दोन्ही जवळचे शब्द. श्रमाच्या अभ्यासात नाहीत. पहिल्यात करार नसणं, नोंद नसणं, सामाजिक सुरक्षा नसणं येतं. दुसरा शब्द रोजंदारीवर कुणाकडे तरी कामाला जाणाऱ्यासाठी. पहाटे स्वतःची पिशवी घेऊन निघणारी, वेचलेला माल स्वतः भंगारवाल्याला विकणारी बाई कुणाची रोजंदार आहे? एका शब्दानं तू तिला मालक देऊन टाकलास. दुसरी खोड म्हणजे, लेखकानं जपून 'असू शकतं', 'काही वस्त्यांत दिसतं' असं लिहिलेलं असतं आणि यंत्र ते गुळगुळीत करताना 'असतं', 'दिसतं' करून टाकतं. संशोधकाला त्या 'काही'साठी वर्षभर पायपीट करावी लागलेली असते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये छापील शोधनिबंधांतून असे पिळवटलेले शब्दप्रयोग वेचून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, म्हणजे बनावट जाणीव. 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फॉर्मेशन'. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं तर 'बूझम पेरिल', छातीवरचं संकट. साम्य टाळण्यासाठी शब्दामागून शब्द बदलणाऱ्या जुन्या साधनांचे हे ठसे. आजची साधनं इतकी ढोबळ चूक करत नाहीत, म्हणूनच त्यांची चूक पकडायला जास्त नीट वाचावं लागतं.

मग पॅराफ्रेझ करायचं कसं? माझी पद्धत जुनी आहे आणि वेळखाऊ आहे. लेखातला एक मुद्दा वाच, एक वाक्य नव्हे, पूर्ण मुद्दा. लेख बंद कर. फोन उचल आणि आईला सांग, किंवा आईला सांगतेयस असं समजून मोठ्यानं बोल: "अगं, यांचं म्हणणं असं आहे की ओळखपत्र मिळाल्यावर बायकांचं उत्पन्न लगेच वाढलं नाही, पण पोलिसांनी अडवणं कमी झालं, म्हणून कामाचे तास वाढवता आले." (हे उदाहरण मी रचलंय, ते कुणाच्या नावावर घालू नकोस.) जिथं अडखळशील तिथं तुला ते कळलेलं नाही. लेख उघड, पुन्हा वाच. अडखळणं थांबलं की आईला सांगितलंस तेच कागदावर मराठीत उतरव, त्याच्यापुढं लगेच लेखकाचं नाव, वर्ष, पान. मग त्याच्याखाली तुझं स्वतःचं एक वाक्य: हे मला पटतं का, माझ्या मावशांच्या बाबतीत असंच दिसलं का. आणि आता ते सगळं तुझ्या इंग्रजीत लिही, जशी येतील तशी वाक्यं, छोटी छोटी. शेवटी मूळ लेखाशी ताडून बघ. अर्थ तोच हवा, वाक्याचा सांगाडा तोच नको.

तुला मराठी माध्यमाची लाज वाटते, ती तुझ्या पत्रातल्या 'आमच्यासारख्यांनी' या शब्दात मला ऐकू आली. पण या कामात तुझं पारडं जड आहे. इंग्रजी वाचून मराठीत समजून पुन्हा इंग्रजीत सांगायचं, तर मूळ वाक्य गिळून तसंच बाहेर काढणं शक्यच नसतं. मधे ते तुझ्या डोक्यातून जावंच लागतं. जे थेट इंग्रजीत विचार करतात त्यांना हा मुक्काम आपोआप मिळत नाही.

यानंतर यंत्राकडे जा, खुशाल जा. तुझं पान ठेव आणि सांग, 'अर्थ बदलू नकोस, काळ आणि शब्दयोगी अव्ययांच्या चुका दाखव, प्रत्येक बदलाचं कारण सांग.' 'हा परिच्छेद तुला काय कळला ते दोन वाक्यांत सांग' असंही विचार. त्याला भलतंच कळलं असेल तर तुझं वाक्य अजून धूसर आहे. एखाद्या अवघड लेखातली संकल्पना सोप्या भाषेत समजावून घ्यायलाही हरकत नाही, फक्त समजल्यावर मूळ लेखाकडे परत ये आणि संदर्भ त्याचा दे. यंत्रानं सुचवलेलं लगेच चिकटवू नकोस. हातानं टाईप कर. त्या दोन मिनिटांत नको असलेला शब्द बोटाला टोचतो. सहा महिने असं केलंस की त्याच त्या चुका तुझ्या तुला दिसू लागतील, आणि तुझं इंग्रजी तुझ्याकडे राहील.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. पहिली, मराठी लेखाचं यंत्राकडून इंग्रजी करून आपलं म्हणून वापरणं. तुझ्या विषयावर मराठीत साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत, संघटनांच्या अहवालांत भरपूर लिहिलं गेलंय. त्याचं इंग्रजी भाषांतर सॉफ्टवेअरला सहसा सापडत नाही, म्हणून हा मोह मोठा आहे. पण ज्या कार्यकर्तीनं ते मराठीत लिहिलं तिचं नाव इंग्रजी प्रबंधात यायलाच हवं, उलट तिथं तर ते अधिक हवं. दुसरी गोष्ट, यंत्रानं दिलेला संदर्भ न पाहता घेणं. ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख अगदी खऱ्यासारखे रचून देतात, लेखकाच्या नावासकट. जो लेख तू विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात किंवा नियतकालिकाच्या पानावर स्वतः उघडून पाहिला नाहीस, तो तुझ्या सूचीत नको.

हा कुणाचं काय ते नोंदवण्याचा आग्रह कुणी बाहेरून आपल्यावर लादलेला नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. कधी जमलं तर त्यातला एखादा खंड उघडून बघ. वर मूळ श्लोक आणि पानाच्या तळाशी कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा, याच्या ओळीच्या ओळी. काही पानांवर त्या तळटीपांनीच अधिक जागा घेतली आहे. तुझ्या वसतिगृहापासून ते ठिकाण फार तर काही किलोमीटरवर असेल.

आता मुलाखतींचं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच, आणि तू ती जाता जाता लिहिली आहेस. मावशींचं वाक्य तू यंत्रात टाकलंस. फक्त ते वाक्यच टाकलंस की नाव, वस्ती, कार्डाचा क्रमांक असलेला अख्खा उतारा? मुलाखत घेताना तू त्यांना सांगितलं असशील की तुमचं नाव कुठं जाणार नाही. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या अशा साधनात टाकलेला मजकूर बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर जातो, आणि सेटिंग बदलून ठेवलं नसेल तर काही कंपन्या तो पुढं आपल्या यंत्राला शिकवण्यासाठीही वापरतात. वॉचमनबद्दल, मुकादमाबद्दल, भंगारवाल्याबद्दल एखादी बाई विश्वासानं बोलली असेल, तर ते बोलणं तिच्या परवानगीशिवाय कुठंही पाठवायचा हक्क तुला नाही. संपूर्ण उतारे टाकले असतील तर आजच ते संवाद पुसून टाक, सेटिंग तपास, आणि यापुढं मुलाखती वहीत आणि तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरच ठेव. पॅराफ्रेझिंगच्या चुकीचा त्रास तुला होईल. या चुकीचा त्यांना होईल.

सरांना सांग. नक्की सांग, आणि याच आठवड्यात. प्रबंधावर त्यांचंही प्रमाणपत्र जातं, की हे काम वाङ्‌मयचौर्यापासून मुक्त आहे. तुझ्या शब्दावर विसंबून ते सही करणार आहेत. लांबलचक माफीची गरज नाही. म्हण, "सर, दुसऱ्या प्रकरणाची भाषा माझी नाही, एआयकडून परिच्छेद बदलून घेतले होते. मला ते पुन्हा लिहायचंय, दोन महिने द्या." सोबत जुना ३८ टक्क्यांचा मसुदा ने आणि नव्या पद्धतीनं लिहिलेली तीन पानंही ने. सुरुवातीला ते गप्प होतील कदाचित. तरी सांग. मी इतकी वर्षं गाइड म्हणून काम केलं. स्वतःहून येऊन सांगणाऱ्या मुलीवरचा माझा विश्वास कधी कमी झाला नाही.

विद्यापीठाचा, विभागाचा एआयबद्दल काही नियम आहे का तेही त्यांनाच विचार. २०१८ची ती नियमावली चॅटजीपीटी येण्याच्या चार वर्षं आधीची आहे, त्यामुळे तिच्यात याचा उल्लेख सापडणार नाही. प्रकाशनातल्या नैतिकतेवर काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीनं फेब्रुवारी २०२३मध्ये भूमिका स्पष्ट केली: एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि वापरलं असेल तर कसं वापरलं ते लेखात सांगावं. तुझ्या प्रबंधात मनोगतानंतर किंवा संशोधनपद्धतीच्या प्रकरणात असं काहीतरी लिहिता येईल: 'या प्रबंधातील मी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी मजकुराच्या व्याकरणदुरुस्तीसाठी अमुक साधन अमुक काळात वापरले. इतर लेखकांचा मजकूर किंवा मुलाखती त्यात घातल्या नाहीत. सर्व बदल मी तपासले असून मजकुराची जबाबदारी माझी आहे.' पण हे लिहिण्याआधी ते खरं झालेलं असायला हवं.

आणखी एक, कारण इंग्रजी कच्चं असणाऱ्यांवर याचा अन्याय होतो. 'हे एआयनं लिहिलंय' असं ओळखून दाखवणारी साधनं बेभरवशाची आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. माणसांनीच लिहिलेले असूनही सरासरी ६१ टक्के वेळा ते यंत्राचे ठरवले गेले. साधे, ठरावीक शब्द वापरणाऱ्यावर संशय येतो. त्यामुळे उद्या प्रामाणिकपणे लिहूनही तुझ्यावर बोट रोखलं जाऊ शकतं. म्हणून वहीतली मराठी टिपणं फेकू नकोस, तारखा घाल, प्रत्येक मसुदा वेगळ्या नावानं ठेव, गूगल डॉक्समध्ये लिहीत असशील तर त्याचा बदलांचा इतिहास जपून ठेव. कुणी विचारलं तर तुझ्याकडे दाखवायला वाट असेल, कशी चालत गेलीस ती.

'सगळेच करतात'ला मी उत्तर देत नाही. तुला झोप लागत नाही, त्यातच ते आलं.

दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात पहिल्या पानापासून करू नकोस, दमशील. ज्या लेखावर तुझं सगळ्यात जास्त भांडण आहे तिथून सुरू कर. आणि त्याच्याही आधी, आज संध्याकाळीच, मावशींच्या वाक्याचं ते सुरेख इंग्रजी खोडून टाक. तिथं त्यांचं वाक्य देवनागरीत ठेव, जसंच्या तसं, अवतरणात, कार्ड, वॉचमन, 'बाई' आणि 'ए' सगळं. त्याच्याखाली तुझ्या इंग्रजीत अर्थ लिही. 'बाई' आणि 'ए' यांच्यामध्ये काय काय आहे, हे परीक्षकाला समजावून सांगायला एक परिच्छेद पुरणार नाही. चार पानं घे.